घटकवस्तूंपासून वर्गरचना : एका संकल्पनेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या ज्या पद्धतीला 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे विशेषण लावण्यात येते, तिच्यात एका वर्गाच्या आधाराने दुसरा वर्ग सिद्ध करण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला मार्ग वारशाचा. 'मोटार हे एक वाहन आहे' अशा विधानावर तो उभा असतो. वाहनाच्या वर्गाला जे जे लागू, ते सर्व मोटारीच्या वर्गाला आपोआप प्राप्त होते. दुसरा मार्ग घटकरचनेचा. 'मोटारीला इंजिन आहे' हे त्याचे आधारविधान. येथे मोटारीच्या वर्गात इंजिन ही एक घटकवस्तू म्हणून समाविष्ट होते आणि मोटार आपली काही कामे तिच्याकडून करवून घेते. प्रस्तुत लेखात 'ऑब्जेक्ट' या अर्थी वस्तू, 'क्लास' या अर्थी वर्ग, 'मेंबर ऑब्जेक्ट' या अर्थी घटकवस्तू, 'कॉम्पोझिशन' या अर्थी घटकरचना आणि 'रेफरन्स' या अर्थी निर्देश हे शब्द योजिले आहेत.

या दोन मार्गांचा इतिहास विद्यार्थ्यांना सामान्यतः एका सरळ रेषेत सांगितला जातो. आधी वारसा आला. त्याचा अतिरेक झाला. मग १९९४ च्या सुमारास जाणत्यांनी सावधगिरीची सूचना दिली आणि घटकरचनेला प्रतिष्ठा लाभली, असा या कथेचा सारांश आहे. कथा सुटसुटीत आहे. परंतु मूळ लेखन आणि त्या त्या भाषांची रचना तपासली असता ती टिकत नाही. घटकरचना वारशाहून जुनी आहे, हे तर सहज दाखविता येते. याहून महत्त्वाचे असे की, 'अमुक वस्तूला अमुक घटक आहे' या साध्या विधानात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. घटक पूर्णाच्या आत वसतो, की बाहेर राहून केवळ निर्देशिला जातो? घटकाच्या जन्माची व अंताची जबाबदारी कोणावर? आणि पूर्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घटक देऊ लागला, तर ते कोणाच्या वतीने? निरनिराळ्या भाषांनी या तीन प्रश्नांना निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा क्रम हाच या संकल्पनेचा खरा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. नोंदीच्या पोटातील नोंद

व्यापारी हिशेबासाठी घडविलेल्या कोबोल भाषेचे पहिले अधिकृत वर्णन १९६० साली प्रसिद्ध झाले. तिच्यात प्रत्येक नोंदीच्या भागांना स्तरांक देण्याची सोय होती. कर्मचाऱ्याची नोंद ०१ या स्तरावर, तिच्या पोटात पत्ता, पत्त्याच्या पोटात गाव आणि रस्ता, अशी उतरंड या अंकांनी दर्शविली जाई. येथे पत्ता हा कर्मचाऱ्याच्या नोंदीतच, तिने व्यापलेल्या जागेतच वसलेला असे. ही रचना निव्वळ माहितीची होती. पत्त्याला स्वतःचे वर्तन नव्हते. तथापि लहान रचनांपासून मोठी रचना उभारावी आणि मोठीचा उल्लेख एका नावाने करावा, हे तत्त्व येथे पूर्णपणे उपस्थित आहे. १९७० साली निक्लाउस विर्थ यांनी प्रसिद्ध केलेल्या पास्काल भाषेतही नोंदीच्या पोटी नोंद ठेवता येत होती.

याच सुमारास दुसऱ्या दिशेनेही विचार चालू होता. आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये टीएक्स-२ या संगणकावर 'स्केचपॅड' ही चित्ररेखनाची प्रणाली रचली आणि १९६३ साली ती आपल्या प्रबंधात वर्णिली. तिच्यात एक मूळ चित्र काढून त्याच्या अनेक प्रती मोठ्या चित्रात बसविता येत. मूळ चित्र बदलले की सर्व प्रती बदलत. येथे मोठ्या चित्राचे भाग म्हणजे कोरलेली चित्रे नव्हेत, एका मूळाकडे बोट दाखविणारी स्थाने आहेत.

नोव्हेंबर १९६५ मध्ये टोनी होर यांचा नोंदींच्या हाताळणीवरील लेख 'अल्गोल बुलेटिन'मध्ये आला. त्यात 'नोंदींचा वर्ग' ही कल्पना आहे, आणि एका नोंदीतून दुसरीकडे जाणारा निर्देश हे तिचे मुख्य साधन आहे. निर्देश कोणाकडेही न जाणारा, म्हणजे रिक्त असू शकतो, ही मुभाही होर यांनी त्याच वेळी दिली. पुढे २००९ साली एका व्याख्यानात त्यांनी या रिक्त निर्देशाला आपली अब्जावधी डॉलरांची चूक असे म्हटले. या उद्गाराचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. कोबोलच्या नोंदीत वसलेला पत्ता निरर्थक अक्षरांनी भरलेला असू शकेल, पण तो मुळीच नाही असे होऊ शकत नाही. निर्देशाने जोडलेला पत्ता मात्र गैरहजर असू शकतो, आणि ही शक्यता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी ध्यानात ठेवावी लागते. वस्तुलक्ष्यी भाषांचा जन्म होण्यापूर्वीच, पहिल्या प्रश्नाची दोन उत्तरे अशा रीतीने सिद्ध झाली होती.

३. ऑस्लो, १९६७

ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ऊले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडविली. तिची पहिली आवृत्ती १९६४ च्या अखेरीस युनिव्हॅक ११०७ या संगणकावर चालू लागली. कारखाने, वाहतूक, रांगा अशा व्यवस्थांचे अनुकरण संगणकावर करणे हा तिचा उद्देश होता. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लिसेबू येथे भरलेल्या परिषदेत या दोघांनी वर्ग व उपवर्ग यांवरील आपला निबंध सादर केला, आणि त्यातून सिम्युला ६७ साकार झाली. वारशाची सुरुवात येथूनच मानण्यात येते.

हा वारसा कोणत्या गरजेतून निघाला, हे पाहण्याजोगे आहे. प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावरील १९७८ च्या परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात दाल व न्यूगार्ड यांनी ती हकीकत दिली आहे. त्यांच्यासमोर पुलावरील टोलनाक्याचे उदाहरण होते. रांगेत ट्रक उभे आहेत, बसगाड्या उभ्या आहेत. रांगेत उभे राहायचे तर प्रत्येकाला आपल्या पुढचा कोण व मागचा कोण हे ठाऊक हवे. हे दोन निर्देश सर्वांना समान. ट्रकाचे व बसचे उरलेले गुण मात्र भिन्न. तेव्हा प्रत्येक वस्तू दोन थरांची आहे असे मानावे, आणि पुढच्या-मागच्याचे निर्देश असलेला पहिला थर एकदाच लिहून तो इतर वर्गांच्या पुढे उपसर्गासारखा जोडावा, अशी युक्ती १९६६ च्या डिसेंबराच्या सुमारास त्यांना सुचली. 'उपसर्ग' हा शब्द येथे आलंकारिक नाही; त्यांनी योजिलेली संज्ञा 'प्रीफिक्स' हीच होती.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही संज्ञा अर्थपूर्ण वाटावी. उपसर्ग हा शब्दाचा एक भाग असतो. आरंभीचा वारसा 'ट्रक हा कशाचा प्रकार आहे' या वर्गीकरणाच्या प्रश्नातून निघालेला नसून, 'ट्रकाला रांगेचा दुवा कसा जोडावा' या जुळणीच्या प्रश्नातून निघालेला आहे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर तो घटकरचनेचा प्रश्न होता. ट्रक हा एक प्रकारचा दुवा आहे, असे कोणीही म्हणणार नाही. ट्रकाला दुवा आहे, असेच म्हणेल.

या निवडीचे परिणाम सिम्युला ६७ मध्ये स्पष्ट दिसतात. तिच्यात 'लिंक' नावाचा तयार वर्ग दिलेला आहे व तो उपसर्ग म्हणून लावलेल्या वस्तू रांगेत उभ्या राहू शकतात. परंतु उपसर्ग एकदाच लागतो. म्हणून अशी वस्तू एका वेळी एकाच रांगेत असू शकते. तीच मोटार टोलच्या रांगेतही हवी व दुरुस्तीच्या यादीतही हवी असेल, तर दुव्याची वेगळी छोटी वस्तू निर्मून तिच्यात मोटारीचा निर्देश ठेवावा लागतो. याउलट लिनक्स या संचालन-प्रणालीचा गाभा पाहावा. १९९१ पासून विकसित होत आलेला हा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला आहे, आणि त्या भाषेत वारसा नाही. त्यात यादीचा दुवा ही एक लहान रचना असून ती मोठ्या रचनेत घटक म्हणून ठेवतात. जितक्या याद्यांत वस्तू असायला हवी, तितके दुवे तिच्यात ठेवता येतात. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे शेजारी ठेवली, म्हणजे उपसर्ग आणि घटक यांतील भेद केवळ शैलीचा नाही हे ध्यानात येते.

सिम्युलाची दुसरी निवडही तितकीच परिणामकारक ठरली. तिच्यातील प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे निर्माण होते आणि इतरांना ती केवळ निर्देशानेच गाठता येते. एक वस्तू दुसरीच्या पोटात ठेवण्याची सोय तिच्यात नाही. निरुपयोगी झालेल्या वस्तूंची जागा मोकळी करण्याचे काम भाषेची यंत्रणा करते. अर्थात 'घटकाचा अंत कोणी करावा' हा प्रश्न सिम्युलात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पडतच नाही; आणि जो प्रश्न पडत नाही, त्यासाठी शब्दही घडत नाही. न्यूगार्ड यांनी पुढे सहकाऱ्यांसमवेत बेटा ही भाषा विकसित केली. तिच्यात मात्र पूर्णाचा कायमचा भाग असलेली वस्तू आणि निर्देशाने गाठलेली वस्तू, हा भेद स्वतंत्रपणे मांडलेला आढळतो. दाल व न्यूगार्ड यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. दोघांचेही निधन २००२ साली झाले.

४. पोटातील वस्तू : सी प्लस प्लस

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप हे केंब्रिज येथे संशोधन करीत असताना त्यांनी आपला अनुकरणाचा प्रोग्रॅम सिम्युलात लिहिला होता. भाषेची वैचारिक सोय त्यांना भावली. वेग मात्र असह्य होता. त्यांनी नंतर नोंदविल्याप्रमाणे, धावण्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक वेळ निरुपयोगी वस्तूंची जागा झाडण्यात जात होता, आणि तोही अशा प्रोग्रॅममध्ये, की ज्यात अशा वस्तू निर्माणच होत नव्हत्या. त्यांना तो प्रोग्रॅम बीसीपीएल भाषेत पुन्हा लिहावा लागला. १९७९ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी 'वर्गांसह सी' या भाषेचा आरंभ केला, तेव्हा हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. १९८३ मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले आणि १९८५ मध्ये ती बाजारात आली.

या भाषेत वर्ग हा अंक किंवा अक्षर यांसारखाच मूल्याचा प्रकार आहे. म्हणून एका वर्गाची वस्तू दुसऱ्या वर्गाच्या वस्तूत प्रत्यक्ष ठेवता येते, कोबोलच्या पत्त्यासारखी. मात्र आता तिला स्वतःचे वर्तन असते आणि तिचे अंतरंग बाह्य हस्तक्षेपापासून सुरक्षित असते. शीर्षकातील 'घटकवस्तूंपासून वर्गरचना' या शब्दप्रयोगाला आजचा नेमका अर्थ येथे प्राप्त झाला, असे म्हणता येईल.

वस्तू पोटात घेतली की तिच्या जन्माचा व अंताचा क्रम ठरवावाच लागतो. सी प्लस प्लसचा नियम असा : प्रथम आधारवर्गाचा अंश सिद्ध होतो, नंतर घटकवस्तू, ज्या क्रमाने त्या वर्गात घोषित केल्या आहेत त्या क्रमाने, सिद्ध होतात, आणि शेवटी पूर्णाची स्वतःची रचना-क्रिया चालते. अंत याच्या बरोबर उलट क्रमाने होतो. नवशिक्याला यातील एक गोष्ट चकविते. रचना-क्रियेच्या आरंभी घटकांना प्रारंभिक मूल्ये देण्याची यादी लिहिता येते. परंतु त्या यादीतील क्रमाला काही महत्त्व नाही, वर्गातील घोषणेचा क्रमच लागू होतो. यामागील कारण तर्कशुद्ध आहे. एका वर्गाच्या रचना-क्रिया अनेक असू शकतात व त्यांतील याद्यांचे क्रम भिन्न असू शकतात. अंत-क्रिया मात्र एकच असते. ती कोणत्या क्रमाची उलट करणार? म्हणून सर्वांना समान असा एकच क्रम आवश्यक ठरतो, आणि तो घोषणेचाच असू शकतो.

दुसरा प्रश्न प्रतिकृतीचा. आरंभी वस्तूची प्रत काढताना तिची जागा जशीच्या तशी, अंकांश: उतरविली जात असे. घटकवस्तू जर दूरवरची जागा निर्देशित करीत असेल, तर मूळ व प्रत दोघीही एकाच जागेवर हक्क सांगू लागत आणि दोघींच्या अंताच्या वेळी ती जागा दोनदा मोकळी केली जाई. १९८९ च्या २.० या आवृत्तीपासून प्रत घटकश: होऊ लागली, म्हणजे प्रत्येक घटकवस्तू आपली प्रत आपल्या नियमाने काढते व पूर्णाची प्रत ही त्यांची बेरीज असते. पूर्णाचा अर्थ घटकांच्या अर्थावरून व त्यांच्या जुळणीच्या नियमावरून ठरावा, हे अर्थविचारातील परिचित तत्त्व येथे यंत्राच्या व्यवहारात उतरलेले दिसते.

५. वारशाविषयी शंका

ऐंशीच्या दशकात वारशाचा बोलबाला होता हे खरे. पण शंकाही त्याच दशकातील आहेत. स्मॉलटॉकच्या १९७२ च्या पहिल्या रूपात वारसा नव्हता. तो १९७६ च्या रूपात आला. १९८६ मध्ये ॲलन स्नायडर यांनी दाखवून दिले की, उपवर्गाला आधारवर्गाच्या अंतरंगात प्रवेश मिळाला, तर ज्या गुप्ततेसाठी वर्ग ही कल्पना योजिली तिलाच बाध येतो. १९८८ मध्ये राल्फ जॉन्सन व ब्रायन फूट यांनी पुनरुपयोगाचे दोन प्रकार वेगळे केले : अंतरंग जाणून घेऊन केलेला आणि केवळ बाह्य व्यवहारावर विसंबून केलेला. जॉन्सन हे पुढे एरिक गामा, रिचर्ड हेल्म व जॉन व्लिसिडिस यांच्यासह १९९४ अखेरच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथाचे सहलेखक झाले. तेवीस रचना-आकृतींच्या या ग्रंथातील वारशाऐवजी घटकरचनेला पसंती देण्याचा सल्ला प्रसिद्ध आहे. तो सल्ला आकस्मिक नव्हता. निदान आठ वर्षांच्या चर्चेचा तो निष्कर्ष होता.

तरीही जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत 'स्टॅक' हा वर्ग 'व्हेक्टर'चा उपवर्ग आहे. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेली चळत. वरचीच वस्तू काढता यावी हा तिचा धर्म. परंतु व्हेक्टरचा वारसा मिळाल्याने चळतीच्या मध्यात वस्तू घुसविण्याची क्रियाही तिला मिळाली. व्हेक्टर ही घटकवस्तू म्हणून आत ठेवली असती, तर चळतीला शोभतील तेवढ्याच क्रिया बाहेर दाखविता आल्या असत्या. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून हा वारसा पुढे काढून टाकता आला नाही. २००१ साली जोशुआ ब्लॉक यांनी याच जातीचे दुसरे उदाहरण दिले. संचात किती वस्तू घातल्या याची मोजदाद ठेवणारा उपवर्ग त्यांनी लिहून दाखविला. तीन वस्तू एकदम घातल्या असता मोजणी सहा येते; कारण 'सर्व घाला' ही मूळ क्रिया आतून 'एक घाला' हीच क्रिया वापरते, आणि उपवर्गाने दोन्ही ठिकाणी मोजणी ठेवलेली असते. आधारवर्गाची ही अंतर्गत रीत उपवर्गाच्या कर्त्याला बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता.

प्रस्तुत लेखकाकडूनही अशीच एक चूक घडलेली आहे. मराठी सामासिक शब्दांच्या संग्रहासाठी प्रोग्रॅम लिहिताना 'सामासिक शब्द' हा वर्ग त्याने 'शब्दयादी' या वर्गाचा उपवर्ग केला. समास म्हणजे पदांची यादीच, असे त्या वेळी वाटले होते. पुढे संग्रहातील सर्व याद्या वर्णानुक्रमे लावण्याची क्रिया लिहिली गेली. तिने याद्यांबरोबर समासांचीही पदे लावून टाकली. 'देवघर'चे 'घरदेव' झाले, 'हातरुमाल'चे 'रुमालहात' झाले, 'वनभोजन'चे 'भोजनवन' झाले. 'राजवाडा' व 'तोंडपाठ' यांची पदे मुळातच वर्णानुक्रमात असल्याने ते शब्द बिनधोक राहिले, आणि म्हणूनच ही चूक बरेच दिवस कोणाच्या ध्यानात आली नाही. समासातील पदक्रम अर्थाला बांधलेला असतो, हे पदव्युत्तर वर्गाला शिकविणाऱ्यानेच ते आपल्या प्रोग्रॅमला सांगितले नव्हते. यादी आत घटक म्हणून ठेवली असती, तर क्रम बदलण्याची क्रिया बाहेर दिसलीच नसती.

६. घटक बोलतो तेव्हा 'मी' कोण?

घटकरचनेला पसंती द्यावयाची, तर तिची किंमतही सांगितली पाहिजे. पूर्णाकडे आलेली विनंती घटकाकडे पाठवायची असेल, तर तसे प्रत्येक क्रियेसाठी लिहावे लागते. हे श्रम भाषेनेच वाचवावेत, असा प्रयत्न वारंवार झाला. १९८६ मध्ये हेन्री लीबरमन यांनी वर्गांविना, मूळ नमुना-वस्तूंकडे काम सोपवून व्यवहार कसा चालेल ते मांडले. १९८७ मध्ये डेव्हिड उंगर व रँडल स्मिथ यांनी सेल्फ ही तशी भाषा वर्णिली. सी प्लस प्लसमध्येही निर्देशित वस्तूकडे विनंत्या आपोआप सोपविण्याची सोय २.० आवृत्तीपूर्वी प्रयोगादाखल करून पाहण्यात आली. ज्यांनी ती वापरली त्यांच्या प्रोग्रॅमांत गोंधळ व दोष उत्पन्न झाल्याने ती सोडून देण्यात आली.

गोंधळाचे एक मूळ भाषाशास्त्राला परिचित आहे. वस्तू आपल्या क्रियांत स्वतःचा उल्लेख करते. प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला हा प्रथम पुरुष होय. पूर्णाने घटकाला काम दिले आणि काम करताना घटक 'मी' म्हणाला, तर तो 'मी' कोणाचा? साध्या पुढे-पाठवणीत तो घटकाचाच असतो. त्यामुळे पूर्णाने एखादी क्रिया बदललेली असली तरी घटकाला त्याचा पत्ता नसतो. लीबरमन यांच्या अर्थाच्या सोपवणीत तो 'मी' मूळ विनंती घेणाऱ्याचा राहतो. मराठीत 'रामा म्हणाला की मी उद्या येतो' या वाक्यात 'मी' रामाचा की वाक्य सांगणाऱ्याचा, हे संदर्भावरूनच ठरते. यंत्राला संदर्भावर सोडता येत नाही; भाषेच्या कर्त्याला दोहोंपैकी एक अर्थ निवडावा लागतो. वारशात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे आधारवर्गाचा अंश व उपवर्गाचा अंश मिळून वस्तू एकच असते. ब्लॉक यांच्या मोजणीतील दोष याच एकतेतून निर्माण झाला, हेही येथे स्मरावे.

७. 'आहे' या क्रियापदाचे पृथक्करण

इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून वारसा व घटकरचना यांतील भेद दोन क्रियापदांनी शिकविला जातो : 'इज' आणि 'हॅज'. यांतील दुसरे क्रियापद फारच व्यापक आहे. १९८७ मध्ये विन्स्टन, चॅफिन व हेरमन यांनी अंश-पूर्ण संबंधाचे सहा प्रकार केले. वस्तू व तिचा घटक, समूह व त्यातील सभासद, राशी व तिचा वाटा, वस्तू व तिचे द्रव्य, क्रिया व तिचा टप्पा, आणि प्रदेश व त्यातील स्थान. 'बोट हाताचा भाग, हात वादकाचा भाग, वादक वाद्यवृंदाचा भाग' या मालिकेवरून 'बोट वाद्यवृंदाचा भाग' असे का म्हणवत नाही, याचा उलगडा या भेदांनी होतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये मान्यता पावलेल्या यूएमएल या आरेखन-पद्धतीने दोनच प्रकार ठेवले : पोकळ समभुज चौकोनाने दर्शविलेला सैल संबंध व भरीव चौकोनाने दर्शविलेला दृढ संबंध. दुसऱ्यात घटक एका वेळी एकाच पूर्णाचा असतो आणि त्याच्या आयुष्याची जबाबदारी पूर्णावर असते.

मराठी वाक्यरचना येथे उपयोगी पडते. 'टेबलाला चार पाय आहेत' आणि 'माझ्याजवळ पुस्तक आहे' ही दोन वाक्ये आपण वेगळ्या रूपांनी बोलतो. 'टेबलाजवळ चार पाय आहेत' असे म्हटले तर ऐकणारा खाली वाकून पाहील. अविभाज्य संबंधाला '-ला', विभाज्य संबंधाला 'जवळ' किंवा 'कडे', हा भेद विद्यार्थ्याच्या मुखात आधीच आहे. तथापि तो यंत्रवत् लावू नये. 'मला दोन भाऊ आहेत' येथेही '-ला' येतो. परंतु भाऊ माझ्या पोटात नाहीत आणि माझ्याबरोबर त्यांचा अंत होत नाही. प्रत्यय संबंधाचे स्थैर्य सांगतो, आयुष्याची जबाबदारी सांगत नाही.

न्याय-वैशेषिकांचा अवयव-अवयवी विचारही येथे सहज आठवतो. तंतू व पट यांचा संबंध समवाय, आणि हात व पुस्तक यांचा संयोग. साम्य आकर्षक आहे, पण त्याची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. समवायात पट तंतूंवर अवलंबून असतो. तंतू गेले की पट जातो. सी प्लस प्लसमध्ये रचनेच्या वेळी क्रम तसाच आहे, घटक आधी व पूर्ण मागून. अंताच्या वेळी मात्र पूर्ण आपल्याबरोबर घटकांनाही नेतो. शिवाय या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध काहीही नाही. ऑस्लो वा बेल प्रयोगशाळेत कोणी कणाद वाचीत नव्हते. साम्याचा उपयोग प्रश्न तीक्ष्ण करण्यापुरताच.

८. समारोप

नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत वर्गांचा वारसा नाही. एका रचनेत दुसरी निनावी बसविता येते व तिच्या क्रिया पूर्णाच्या नावाने हाक मारता येतात. आतील क्रियेचा 'मी' मात्र आतल्याचाच राहतो. मे २०१५ मध्ये स्थिर झालेल्या रस्टमध्येही तसा वारसा नाही. तेथे प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो, आणि पूर्णाबरोबर घटकांचा अंत होतो, पण घोषणेच्याच क्रमाने, सी प्लस प्लसप्रमाणे उलट नव्हे. या भाषांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे उघडपणे दिली आहेत, हे त्यांचे वैशिष्ट्य.

आमच्या सामासिक शब्दांच्या संग्रहाचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपविणे उचित होईल. नव्या रचनेत प्रत्येक समासाला दोन प्रकारचे घटक आहेत. 'पाणघोडा' या शब्दातील 'पाण' हे बदललेले रूप समासाच्या आत वसते. समास वगळला की तेही जाते. 'पाणी' हा मूळ शब्द मात्र कोशात राहतो आणि समास त्याचा केवळ निर्देश ठेवतो. त्याचे लिंग वा अर्थ कोशात दुरुस्त झाला, की 'पाणकोंबडी'लाही तो कळतो. कोणते रूप आत ठेवावे व कोणता शब्द बाहेर ठेवावा, हे ठरविताना आम्हांला संगणकाच्या पुस्तकांनी थोडी मदत केली. बहुतेक निर्णय समासाच्या व्याकरणानेच करावे लागले. विभागातील जे विद्यार्थी कोशरचनेच्या प्रबंधांसाठी प्रोग्रॅम लिहीत आहेत, त्यांनी प्रत्येक घटकाविषयी हे तीन प्रश्न वर्ग लिहिण्यापूर्वी कागदावर लिहून त्यांची उत्तरे द्यावीत, एवढीच विनंती आहे.